उताराकडची भिंत

१

टेकू लावणं हा माझा धंदा. कोणाचा छज्जा लोंबायला लागतो, कोणाची भिंत शेजाऱ्याच्या खोदकामाकडे झुकते, कोणी तळमजल्यावरचा खांब ‘मध्येच येतो’ म्हणून काढून टाकतो आणि मग वरच्या मजल्यावरची दारं लागेनाशी होतात, की मला बोलावणं येतं. मी लोखंडी टेकू लावतो, भिंत आहे तिथं थोपवून धरतो, आणि पक्कं काम झालं की माझे टेकू उचलून घरी जातो. या धंद्यात एक गोष्ट अंगात मुरते, ती म्हणजे संशय. बायको म्हणते, मी चहाच्या कपाचासुद्धा कान आधी हलवून बघतो. बघतो. का बघू नये?

तर ताईच्या घरामागचा हौद. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, त्याला ‘स्विमिंग पूल’ म्हणतात. मी हौद म्हटलं की त्यांना राग येतो, म्हणून मी जास्तच म्हणतो. भाऊजी शिंपी आहेत, गळ्यात मापाची पट्टी तशीच ठेवून जेवायला बसणारे. त्यांची एकुलती एक मुलगी खारू. लहानपणी खारीसारखी कशावरही चढायची म्हणून हे नाव, आणि शेवटी गच्चीच्या जिन्यावरूनच पडली. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, पण डावा पाय काही ऐकेना. डॉक्टर म्हणाले, रोज छातीएवढ्या पाण्यात चालवा, पाय येईल. सार्वजनिक तलावात पोरगी एकदाच गेली. वाढतं वय, हातात काठी, आणि काठावर बसलेली सगळी पोरं टकामका बघतायत. दुसऱ्या दिवशी तिनं अंथरूण सोडलं नाही. मग भाऊजींनी मनावर घेतलं आणि घरामागेच हौद बांधला.

मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, म्हणूनच विचारलं नाही. घरामागची जमीन चांगलीच उताराची आहे. घराच्या बाजूला हौदाचा काठ जमिनीशी सपाट, आणि पलीकडे, उताराकडे, तीच भिंत माझ्या डोक्याच्या वर हातभर उघडी. त्या भिंतीच्या मागे मातीचा आधार नाही, काही नाही. तिच्यासमोर थोडं अंतर सोडून कुंपणाची दगडी भिंत, आणि दोन्हींच्या मध्ये एक अरुंद बोळ. भाऊजींनी बोळावर फळ्या ठोकल्या, म्हणजे हौदाला चहूबाजूंनी फिरता येतं, आणि पंपाशेजारी खाली उतरायला एक बुटकं लोखंडी दार केलं. वरून दिसायला झकास. खाली एक लांबच लांब काळोखी खोली तयार झाली, जिच्या एका भिंतीपलीकडे नुसतं पाणी.

वर्ष व्हायच्या आत त्या भिंतीला पोट आलं. तडा गेला. ताईचा फोन आला, “येऊन जा रे जरा. हे म्हणतात काही नाही, पण तू येऊन जा.”

२

पाणी अर्ध्यावर आणा, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडून दिला. कमरेच्या खाली पाणी गेलं तर खारूच्या व्यायामाचा काही उपयोग नव्हता, आणि तिचा पाय नुकता कुठं हलायला लागला होता. मग असं ठरलं की आधी टेकू लावून भिंत थोपवायची, मग गवंड्याकडून बोळातच आडव्या टेकूभिंती बांधून घ्यायच्या, हौदाच्या भिंतीपासून थेट कुंपणापर्यंत, आणि त्या तयार झाल्या की माझे टेकू काढायचे. तोवर पोरीचं चालणं चालू राहील.

बोळात ताठ उभं राहिलं की खांदे दोन्हीकडे घासतात. मी तिरपा होऊन टेकू लावत गेलो. पाय कुंपणाच्या भिंतीच्या बुडाशी, डोकं हौदाच्या भिंतीच्या पोटावर. टेकूला आटे असतात, दांडा घालून फिरवलं की तो लांब होतो आणि भिंतीला भिडतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे भिडवले. मग हातोडी घेऊन एकेक ठोकून बघितला. टेकू तपासायची ही एकच खरी रीत आहे, बाकी सगळी थोतांडं. भार घेतलेला टेकू टण्ण बोलतो. ज्याच्यावर भार नाही तो ठप्प म्हणतो आणि गप्प होतो. माझे सगळे टणटणीत बोलत होते. भाऊजी दारातून वाकून बघत होते, म्हणाले, वा, जलतरंग.

काही दिवस सगळं ठीक होतं. मी कामावर जाता जाता वाटेत थांबायचो, ठोकायचो, ताईच्या हातचा चहा घ्यायचो आणि निघायचो. मग एका सकाळी मधला टेकू ठप्प म्हणाला.

मी म्हटलं, पायाखालची फळी दबली असेल. फळी बघितली, जशीच्या तशी. दांडा घातला, पुन्हा भिडवला, टण्ण झालं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ठप्प, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचेही. आता माझं डोकं फिरलं. मी भिंतीवर ओळंबा सोडला आणि दोरीकडे बघत राहिलो. पोट गेलं होतं. तड्यात आधी माझं नख शिरत होतं, आता केससुद्धा शिरला नसता.

फुगलेली भिंत आपणहून मागे जात नाही. फुगलेला माणूस समजूत काढली की बसतो, भिंतीला समजूत नसते. पलीकडे एवढं पाणी रेटत असताना तिनं उलट, पाण्याच्या दिशेनं सरकायचं म्हणजे अलीकडून कोणीतरी पाण्याहून जास्त जोरानं रेटायला हवं. माझे टेकू तर ढिले पडले होते.

३

माझा पहिला संशय भाऊजींवर. नाही म्हणायला कारणही होतं. मी ही बातमी सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा असा काही खुलला की बस. “मी म्हणतच होतो, नवं काम आहे, बसेल. अंगावर घालून घालून कापड बसतं तसं.” मला वाटलं, हा गृहस्थ गुपचूप पाणी कमी करून पुन्हा भरतोय, म्हणजे भिंतीवरचा भार उतरेल आणि मेहुण्याची फजिती होईल. मी हौदाच्या आतल्या फरशीवर पाण्याच्या रेषेशी खूण केली. रेष हलली नाही. मग वाटलं, हा रात्री येऊन आटे फिरवतोय. शिंप्याला मापात गंमत करायची खोड असते.

मी प्रत्येक टेकूच्या आट्यावर लाल रंगाचा ठिपका दिला, असा की जरा फिरवलं तर ठिपका फाटेल. लोखंडी दाराला माझं कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात. भाऊजींना हे कळलं तेव्हा ते दुखावले. आत जाऊन मशीन चालवत बसले, आणि ताईनं मला चहात साखर घातली नाही.

दुसऱ्या दिवशी कुलूप तसंच, ठिपके तसेच. आणि प्रत्येक टेकूच्या डोक्यात आणि भिंतीत एवढी फट की माझा तळहात सरळ आत गेला. तळहात आत गेला म्हणूनच मला ते कळलं. भिंत गरम होती.

त्या बोळात कधी ऊन येत नाही. पलीकडे गार पाणी, अलीकडे ओल धरलेला दगड. पंप पार दाराशी, तोही बंद. भिंत तापायला काही कारणच नाही. मी हात सरकवत गेलो तर ती सगळी गरम नव्हतीच. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, साधारण माणसाच्या रुंदीएवढी जागा तेवढी ऊबदार, नुकतंच कोणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी. त्याच्या खाली, वर, बाजूला सगळं गार.

मी स्वतःला बरंच काही समजावलं. सिमेंट आतून तापतं, असं. पण सिमेंट नवं असताना तापतं, वर्षभरानं नाही, हे मला माहीत होतं. समजावणारा मीच आणि ऐकणाराही मीच, त्यामुळे ते काही जमलं नाही.

४

मग गवंडी आला. आडदांड माणूस, आम्ही त्याला सगळे पैलवान म्हणतो. टेकूभिंतींच्या पायासाठी त्याला बोळात खड्डे घ्यायचे होते. सकाळी मी त्याला कुलूप काढून दिलं आणि कामावर गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर दाराजवळचा एक खड्डा झालाय आणि पैलवान बाहेर फावड्यावर बसून तंबाखू मळतोय. मी विचारलं, बाकीचे? तर म्हणे, आधी तुमचा माणूस बाहेर काढा.

मी म्हटलं, माझा कोणी माणूस आत नाही. मी एकटाच येतो.

“नाही कसा? पार त्या टोकाला, भिंतीला पाठ लावून उभा होता. मी म्हटलं, बाबा सरक, मला खणायचंय. सरकला.”

हा ‘सरकला’ त्यानं अगदी सहज म्हटला. चेहरा बघितला का, विचारलं. चेहरा कसा दिसणार, अंधार होता, आणि मान खाली घालून उभा होता. काही बोलला का? नाही. पैलवान जरा घुटमळला, म्हणाला, दमलेला वाटला, म्हणून मीही जास्त बोललो नाही. पण तो भिंतीला घासत जसजसा सरकला तसतशी वरच्या फळ्यांमधून माती पडत गेली, मग मीच म्हटलं, राहू दे बाबा, आहेस तिथं थांब.

मी पैलवानाच्या तोंडाचा वास घेतला. नुसता तंबाखू. तरी माझी खात्री पटली नव्हती, हा माणूस कामचुकार आहे हे मला जुनं माहीत होतं. मग म्हटलं, कोणी बेघर माणूस आत राहत असेल. गरीब बिचारा रात्रीचा निवारा शोधत शिरला असेल. पण कुलूप? बॅटरी घेऊन मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. दुसऱ्या टोकाला दगडी भिंत, वर फळ्या, खिळे गंजून घट्ट बसलेले. अंथरूण नाही, भांडं नाही, विडीचं थोटूक नाही. जमिनीच्या ओल्या मातीत मात्र, हौदाच्या भिंतीच्या बुडाशी, पायांच्या खुणा होत्या. टाचा भिंतीकडे, बोटं मातीत खोल रुतलेली, जड गाडी ढकलताना रुततात तशी. अशा जोड्या ओळीनं पार टोकापर्यंत गेल्या होत्या. दाराकडून येणारी एकही खूण नव्हती, माझी आणि पैलवानाची सोडून.

मी बाहेर आलो आणि दाराला कुलूप घातलं. मग वाटलं, आत कोणी असलाच तर? कुलूप काढलं. मग वाटलं, आत कोणी असलाच तर! पुन्हा घातलं. पैलवान हे सगळं बघत होता. त्यानं फावडं खांद्यावर टाकलं आणि उद्या येतो म्हणून जो गेला तो आलाच नाही.

५

खारू मला हौदाच्या काठावर भेटली. केस ओले, अंगाला टॉवेल गुंडाळलेला, आणि काठी पार लांब, दाराशी टेकलेली. मी म्हटलं, काठी तिकडे नि तू इकडे, आलीस कशी? तर ती मान वेळावून म्हणाली, चालत. आणि खरंच उठून चालून दाखवलं. पाय अजून थोडा फरपटत होता, पण चालली. मी तिला टपली मारली आणि म्हटलं, डॉक्टरला मिठाई दे.

“डॉक्टरला कशाला? तुझ्या माणसाला दे.”

माझ्या चेहऱ्याकडे न बघता ती सांगत राहिली. उताराकडच्या भिंतीला धरून चालायचं तिला आवडतं, कारण ती भिंत ऊबदार असते. दमली की ती पाठ टेकून उभी राहते. आधी भिंत नुसती भिंत होती, आता पाठ टेकली की पलीकडूनही कोणीतरी पाठ टेकल्यासारखं वाटतं. ती श्वास घेते तसा तोही घेतो. ती चालायला लागली की पलीकडे तोही तिच्याबरोबर सरकतो. “मामा, तो कधीच मला मागे टाकून पुढे जात नाही. शाळेत सगळे जातात.”

मी त्याच पावली ताईकडे गेलो आणि म्हटलं, पाणी काढ. आजच. ताई भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. मी तिला सगळं सांगितलं, टेकू, ऊब, पैलवान, मातीतल्या खुणा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे भिंत पडत नाहीये, एवढंच ना?

म्हटलं, अगं, पडत नाहीये हेच तर वाईट आहे.

तिला ते कळेना, आणि तिच्या जागी मी असतो तर मलाही कळलं नसतं. पोरगी वर्षभर काठीशिवाय पाऊल टाकत नव्हती, आता काठी टाकून चालतेय, आणि सख्खा भाऊ येऊन म्हणतो, पाणी काढ, कारण भिंत सरळ झालीये. ती रडायला लागली. भाऊजी मशीनवरून उठून आले. या वेळी ते चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, तुम्ही कशाकशावर संशय घेणार? एखादी गोष्ट आपल्या बाजूनं चांगली होत असेल तर होऊ द्या ना.

मी त्यांना सांगितलं ते मनापासून सांगितलं. फुकट कोणी कोणाचं ओझं धरत नाही. मी पस्तीस वर्षं हाच धंदा करतोय, मीसुद्धा सख्ख्या बहिणीकडे निदान चहा पितो. जो कोणी ते धरून उभा आहे त्याला काहीतरी हवं असणार, आणि काय हवं ते त्यानं अजून मागितलेलं नाही.

शेवटी तडजोड झाली. मी दुसरा गवंडी आणेपर्यंत खारूनं पाण्यात उतरायचं नाही. ताईनं मान हलवली, भाऊजींनी हलवली. खारूनं पाठ फिरवली.

६

माझ्या हट्टानं पुढचं सगळं झालं. मला पुरावा हवा होता. त्या दोघांना बोळाच्या दाराशी उभं करून दाखवायचं होतं की बघा, माझा एकही टेकू या भिंतीला लागलेला नाही, ही भिंत कशाच्याही आधारावर उभी नाही. मग तरी पाणी काढतील.

सुटीची दुपार होती. ताई-भाऊजी जेवून आडवे झाले होते. खारू तिच्या खोलीत, दार लावून, माझ्यावर रुसलेली. मी बॅटरी तोंडात धरून बोळात शिरलो आणि हातोडीनं ठोकत गेलो. ठप्प. ठप्प. ठप्प. एकाही टेकूवर कणभर भार नव्हता. मग मी पहिला टेकू काढला आणि दाराबाहेर ठेवला. भिंतीकडे बघितलं. काही नाही. दुसरा काढला. माझं डोकं शाबूत होतं, हे मी आताही सांगतो. ज्यावर भार नाही तो टेकू काढल्यानं काही बिघडत नाही, हे कोणीही सांगेल. ओळंबा सरळ, तडा बंद. मी एकेक करत पार मध्यापर्यंत आलो, मग मध्याच्याही पुढे. बाहेर टेकूंचा ढीग झाला.

शेवटचा टेकू हातात असताना पलीकडे पाण्यात आवाज झाला.

शिडीवरून कोणीतरी उतरलं होतं. मग पावलं. एक पाऊल नीट, एक फरपटत. या पावलांचा आवाज मी हजार पावलांत ओळखला असता. मी ओरडणार होतो, खारू, बाहेर हो, पण तोंडात बॅटरी होती. ती थुंकली तर ती ओल्या मातीत पडून विझली. आणि त्याच वेळी बोळाच्या त्या टोकाकडून, अंधारातून, माझ्यापासून दोन हातांवर, कोणीतरी म्हणालं, “धर.”

आता हे ऐकून घ्या, नाहीतर मी वेडा वाटेन. आमच्या धंद्यात एक शब्द आहे त्यावर कधी कोणी प्रश्न करत नाही. ओझ्याखाली असलेला माणूस ‘धर’ म्हणाला की जवळ जो असेल त्यानं पाठ किंवा खांदा लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘धरलं’. ते ऐकलं की पहिला सोडतो. का, कशाला, कोण, हे नंतर. विचारत बसलात तर तेवढ्यात माणूस मरतो. तुळईखाली, छपराखाली मी हे इतक्या वेळा केलंय की ते माझ्या डोक्यातून जातच नाही, पाठीतून जातं. घरात कपाट सरकवायचं असलं तरी आम्ही हेच बोलतो. खारू लहानपणी चालायला लागली तेव्हापासून मी तिच्याशी उशा घेऊन हाच खेळ खेळलोय.

आवाज भुताटकीचा वगैरे नव्हता. दमलेल्या मजुराचा आवाज होता, दिवस संपत आलाय आणि हातात त्राण नाही, तसा. माझी पाठ भिंतीला लागलीसुद्धा होती.

“धरलं,” मी म्हणालो.

जन्मभर मी कपाच्या कानावर संशय घेतला, आणि नेमका तिथं घेतला नाही.

७

भार आला. पाण्याचा भार मला आकड्यात माहीत होता, पाठीवर माहीत नव्हता. गुडघे वाकले, टाचा भिंतीच्या बुडाशी अडकल्या, पायाची बोटं मातीत रुतली. माझ्या पाठीमागे तडा उघडल्याचा आवाज मी ऐकला, कापड फाटावं तसा, आणि मी आणखी रेटलं तेव्हा तो थांबला.

तो माझ्या समोरून गेला. बोळ एवढा अरुंद की त्याला माझ्या छातीला घासूनच जावं लागलं. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा पडत होत्या, त्यातल्या एकीखालून त्याची पाठ गेली. सपाट होती. खांद्याची हाडं नाहीत, कणा नाही, नुसती सपाट, आणि तिच्यावर भिंतीतल्या ठोकळ्यांच्या सांध्यांच्या रेषा उमटलेल्या, वर्षानुवर्षं उमटत राहाव्यात इतक्या खोल. भिंतीला तर वर्षही झालेलं नाही. मग मी डोळे मिटले. ओल्या चुन्याचा वास आला आणि गेला. लोखंडी दार करकरलं.

मी अजून तिथंच आहे. टेकू सगळे दाराबाहेर, हातातला शेवटचा कधीच सुटून लांब पडला, हात पोचेल असं इथं काही नाही. दुसऱ्या टोकाकडे बघितलं तरी भार हलतो. मी सोडलं तर भिंत बोळात येईल, आणि भिंतीबरोबर सगळं पाणी, आणि पाण्याबरोबर पोर. मी ताईला हाक मारून बघितली. छातीत जेवढी हवा आहे ती सगळी धरून ठेवायला लागते, हाकेपुरती उरत नाही. भाऊजी झोपले असतील. त्यांची दुपारची झोप घट्ट असते.

खारूची पावलं माझ्या पाठीमागून जातायत. ती थांबली. तिनं भिंतीवर हात ठेवला असणार, कारण ती म्हणाली, “मामा, आज गार का आहे?” ती माझ्याशी बोलली, मी इथं आहे हे तिला कळलं, या आनंदानं मला रडू आलं. मी हळूच, आहे तेवढ्या दमात म्हटलं, खारू, बाहेर निघ. लगेच निघ. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. पावलं शिडीकडे वळली. एक नीट, एक फरपटत. मी म्हटलं, चल बाळा, चल, अशीच चल. ती शिडीपर्यंत पोचली. एक पायरी चढल्याचा आवाज आला.

मग वरच्या फळ्या दबल्या. माझ्या डोक्यावरून कोणीतरी जड पावलांनी काठाकाठानं शिडीकडे गेलं, आणि उन्हाच्या रेघा एकेक करून विझल्या आणि पुन्हा लागल्या.

“अगंबाई,” खारू म्हणाली. घाबरल्यासारखी नाही, खूप दिवसांनी पाहुणा यावा तशी. “मामा, हा वर आलाय.”

शिडीवरून पाण्यात उतरल्याचे आवाज दोन आले. एक तिचा, परत. दुसरा उतरला तेव्हा पाणी इतकं वर चढलं की माझ्या पाठीवरचा भार एकदम वाढला आणि तोंडातून शब्दच फुटेना. आता पलीकडे चार पावलं चालत होती. खोल बाजूकडे. खारू त्याला सांगत होती, घाबरू नकोस, माझा हात धर, मी पण आधी घाबरायचे. तिचं हसणं ऐकू आलं. तिच्याबरोबर पाण्यात चालायला आजवर कोणी कधी आलं नव्हतं.

मग पावलं थांबली. मी कान भिंतीला लावला. तोच आवाज, तसाच दमलेला, आता पाण्याच्या बाजूनं, अगदी जवळून आला.

“धर.”

भिंत तर माझ्या पाठीवर होती, म्हणजे त्याला आता सोडायचं होतं ते त्याचं हे कायमचं धरून उभं राहणंच. मी ‘धरलं’ म्हणालो नाही. मी खारूला म्हणालो, बाळा, काही बोलू नकोस, एक शब्द बोलू नकोस. मी ओरडलो असं मला वाटलं, पण माझ्या तोंडातून नुसती हवा गेली. पलीकडे ती क्षणभरसुद्धा थांबली नाही. मी शिकवलं होतं तसंच, पटकन आणि मोठ्यानं, काहीही न विचारता, ती म्हणाली, “धरलं.”